खुंट्याला दोन हात

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली तो ठरवला आणि आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक नियोजनात तो आता पक्का बसला आहे. त्या दिवशी शहराजवळच्या एखाद्या वृद्धाश्रमाच्या फाटकाशी उभं राहिलं तर सकाळी दहापासून बसगाड्या लागताना दिसतात. मुलं रांगेनं आत येतात, केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटतात, दोन गाणी म्हणतात, वाकून नमस्कार करतात, बॅनर धरून फोटो काढतात आणि जेवणाच्या आत परत जातात.

"त्या एका दिवशी चार-चार संस्था येतात," एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक ताई सांगत होत्या. "आमच्या आजी-आजोबांना चार वेळा हॉलमध्ये आणून बसवावं लागतं. ज्यांना साखर आहे त्यांच्या हातातले पेढे काढून घ्यायचे, तेही आम्हीच. दिवाळीत पुन्हा तेच. आणि जानेवारीच्या एखाद्या मंगळवारी दुपारी तीन वाजता मात्र चिटपाखरू नसतं."

त्यांच्या बोलण्यात मुलांबद्दल राग नव्हता, माझ्याही मनात नाही. मुलं मनापासून येतात. वाटताना त्यांचे हात संकोचानं थरथरतात, हेही मी पाहिलं आहे. पण केळं देऊन झालं की पुढे काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. समोरच्या आजींनाही ते ठाऊक नसतं. दोघं एकमेकांकडे बघून हसतात आणि वेळ संपते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'सोबत' हा विषय दिला, तेव्हा ही केळी माझ्या डोळ्यांसमोर होती. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटीहून जास्त, म्हणजे साधारण दहांत एक. आज हे प्रमाण आणखी वाढलेलं असणार. दुसरीकडे शिकायला घर सोडून आलेली, वसतिगृहांत आणि खोल्यांत राहणारी लाखो मुलं. या दोघांची गाठ जिथे खरोखर पडते अशा जागा शोधत मी हिंडले. जिथे दोघांच्या मध्ये काहीतरी काम होतं, तिथेच ती पडलेली दिसली.

भरडा पडंल, पीठ न्हाई

जुन्नर तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका गावात एका महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर लागलं होतं. ही योजना १९६९ सालची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली. २४ सप्टेंबरला ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि एकदा सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचं, ही तिची चौकट. शिबिराचा दिवस ठरलेला असतो : पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मधल्या वेळात गावाचं सर्वेक्षण.

या शिबिराचे कार्यक्रम अधिकारी मराठीचे प्राध्यापक. त्यांनी सर्वेक्षणाच्या जोडीला जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मुली छापील फॉर्म घेऊन गेल्या. नाव, वय, शिक्षण, अपत्यं, आणि शेवटी प्रश्न : आपणांस ओव्या येतात काय? ओसरीवर बसलेल्या ऐंशीच्या पुढच्या आजी म्हणाल्या, "येत व्हत्या की. आता कुठं ध्यानात ऱ्हात्यात?" मुलींनी 'नाही' वर खूण केली आणि पुढच्या घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत गावातल्या साऱ्या घरी 'नाही' होतं.

रात्री सरांनी ते फॉर्म पाहिले आणि एकच विचारलं, "जातं कुठाय त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी शोध लागला. खालची तळी गोठ्याच्या दाराशी पायरी म्हणून रुतली होती आणि वरची पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलेली. खुंटा कधीच गेला होता. मुलांनी दोन्ही दगड उचलून ओसरीवर आणले, घासून धुतले. शेजारच्या काकांनी बाभळीची फांदी तासून खुंटा बसवला. आजी हे सगळं पाहत होत्या. दगडावरून बोट फिरवून म्हणाल्या, "टाकी लावल्याली न्हाई किती वर्सं. पीठ न्हाई पडायचं. भरडा पडंल. हरभरं आणा."

तिथपासून कारभार त्यांच्याकडे गेला. त्या एक पाय पसरून, एक दुमडून बसल्या. समोर तृतीय वर्षाची एक मुलगी बसली. तिनं दोन्ही हातांनी खुंटा धरला आणि दंडाच्या जोरानं ढकलला. जातं अडलं. "ढकलू नगं गं. म्या वढलं की तू सोडायचं, तू वढलं की म्या सोडंन. माझ्या हातासंगं ये." दोन-तीन फेऱ्या अडखळत गेल्या, मग दगडाचा आवाज एकसारखा झाला. आजींनी मुठीनं वैरण घातली आणि मान खाली घालून त्यांनी सुरुवात केली. आधी देवाची, मग भावाची, मग मुराळी आलेला, मग सासरी निघालेल्या लेकीची. आदल्या दिवशीच्या फॉर्मवर ज्यांच्या नावापुढे 'नाही' होतं त्या थांबायला तयार नव्हत्या.

अडचणही लगेच आली. मोबाइलवर रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीला दगडाच्या घरघरीत शब्द लागेनात. तिनं विनवलं, "आजी, जरा जातं थांबवून म्हणता का?" आजींनी हात थांबवला आणि त्यासरशी ओवीही थांबली. पुन्हा फिरवलं, पुन्हा आली. शेवटी मुलींनी युक्ती काढली : एकीनं दळायचं, दुसरीनं आजींच्या तोंडाशी कान नेऊन ओळ ऐकायची आणि तिसरीला सांगायची, तिनं लिहायची. तोवर आवाज ऐकून आळीतल्या आणखी दोघी आल्या होत्या. "तसं न्हाई ते," म्हणत त्यांनी एका ओवीचा दुसरा चरण वेगळा सांगितला आणि ओसरीवर चांगलाच वाद रंगला. दुपार कलली तेव्हा सूपभर भरडा पडला होता, वही निम्मी भरली होती आणि दळणाऱ्या मुलीच्या तळव्यावर फोड आला होता. तो ती मैत्रिणींना कौतुकानं दाखवत होती.

हातानं दळल्याशिवाय ओवी येत नाही, हे या क्षेत्रात काम केलेल्यांना चांगलं ठाऊक आहे. मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ आणि त्यांच्यासोबत हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या साथीनं एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतून आलेला तो ठेवा आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतो. गावात चक्की आली, पहाटेचं दळण थांबलं आणि ज्या दोन तासांत बाई मनातलं बोलत होती ते दोन तासच गेले. चक्कीनं बाईच्या खांद्यांवरचं मोठं ओझं उतरवलं, त्याचं दुःख करायचं कारण नाही. पण ओव्या गेल्या कुठे, याचं उत्तर त्या गावात मला मिळालं. त्या हातांत होत्या आणि फॉर्मनं विचारलं तोंडाला.

आजी पाटीवर, नात खुर्चीवर

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाची 'आजीबाईंची शाळा' आता पुष्कळांना माहीत आहे. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ती सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावातल्या आजींच्या तोंडून ऐकलं, की आम्हालाही वाचता आलं असतं तर पोथी स्वतः वाचली असती. त्यातून ही शाळा उभी राहिली. साठीच्या पुढच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर-पाटी घेऊन दुपारी वर्गात येऊ लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. फांगण्याच्या बातम्यांत गुलाबी साड्यांचे फोटो फार छापून आले. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो फोटोत न येणारा : संध्याकाळी चुलीपुढे नात आजीचा गृहपाठ तपासते तो.

हाच भाग पुढे सरकारी योजनेतही आला. नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला 'उल्लास' म्हणतात, तो २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना शिकवायचं आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक, विनामानधन. त्यांत शाळेतली मुलं आहेत, डीएड-बीएडचे विद्यार्थी आहेत. शेवटी चाचणी असते, १५० गुणांची : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. शाळेच्या बाकावर लुगड्याचा पदर सावरत बसलेल्या आजी आणि वर्गाबाहेर काळजीनं उभी असलेली त्यांची नातवंडं हे त्या दिवशीचं दृश्य.

अशीच एक आठवीतली शिक्षिका मी पाहिली. तिची विद्यार्थिनी म्हणजे तिच्या वडिलांची आई. पोरगी कडक होती. "आजी, काना खालपर्यंत. अर्धा नाही." आजी पेन्सिल इतकी दाबून धरायच्या की टोक मोडायचं. आयुष्यभर विळा आणि खुरपं धरलेला हात, हलकं धरायची त्याला सवयच नाही. मग नातीनं पाटी-पेन्सिल आणली. तिच्यावर कितीही दाबलं तरी चालतं. आजींना स्वतःचं नाव जमलं, गावाचं जमलं, जोडाक्षरांशी मात्र गाडी अडायची. पण संख्याज्ञानाचं पान उघडलं आणि पारडं फिरलं. साडेतेरा रुपये किलोनं पाच किलो कांदे. नात कागदावर दशांश चिन्ह मांडत होती तोवर आजी म्हणाल्या, "तेरा पाचं पासष्ट अन् अर्ध्याचं अडीच. साडेसदुसष्ट." नातीनं वर पाहिलं. "कसं केलं? परत सांग." मग अर्धा तास आजीनं नातीला बाजारातला हिशेब शिकवला. शिकवायला बसलेल्या मुलीनं शिकायची तयारी दाखवली, तेव्हा आजींचा अक्षरांचा धाकही बराच कमी झाला. दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन पाटी घेऊन बसल्या.

हात पाठीमागे

शहरात जात्याची जागा मोबाइलनं घेतली आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या एका विरंगुळा केंद्रात शनिवारी संध्याकाळी मोबाइलचा वर्ग चालतो. शिकवायला वाणिज्य आणि संगणकशास्त्राची मुलं. भिंतीवर वर्गाचा एकच नियम लिहिलाय : स्वयंसेवकाने हात पाठीमागे ठेवावेत.

हा नियम अनुभवातून आला. पहिल्या काही शनिवारी मुलं "द्या काका, मी करून देतो" म्हणून फोन हातात घ्यायची, बोटं भराभर चालवायची आणि परत द्यायची. काम व्हायचं. पुढच्या शनिवारी काका तोच प्रश्न घेऊन हजर. घरी मुलगा आणि सूनही हेच करतात, म्हणून तर ते केंद्रावर आलेले. हात पाठीमागे गेल्यावर मुलांना बोलावं लागलं. आणि बोलताना कळलं की आपण जे सहज करतो ते सांगता येत नाही. "तिथे टॅप करा" म्हणजे नेमकं कुठे? किती वेळ? वयानं बोटं कोरडी पडतात, पडदा त्यांना दाद देत नाही. हात कापत असेल तर बोट टेकून राहतं आणि फोनला वाटतं, दाबून धरलंय; मग चिन्हं हलायला लागतात, एखादं पुसलंही जातं. माणूस घाबरतो, पुन्हा फोनला हात लावत नाही. हे कळल्यावर मुलांनी अक्षरं मोठी केली, नको ती चिन्हं पडद्यावरून काढली आणि शिकणाऱ्यांना वही घालायला सांगितलं. एका निवृत्त शिक्षिकेच्या वहीत व्हिडिओ कॉलच्या पायऱ्या चित्रांसकट आहेत, हिरवं बटण हिरव्या शाईनं.

नोव्हेंबर जवळ आला की या वर्गाला वेगळीच निकड येते. निवृत्तिवेतन चालू राहायचं तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढच्या निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. पूर्वी बँकेत जाऊन समक्ष उभं राहायचं. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, बोटाच्या ठशावर घरबसल्या दाखला. पण म्हातारपणी ठसे झिजतात, यंत्र ओळखत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. आता फोनपुढे बसायचं, उजेड तोंडावर घ्यायचा आणि पापण्या मिटून उघडायच्या. ऐंशी पार केलेल्या एका आजोबांना ते जमेना, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा मिटायचीच त्यांना भीती. विद्यार्थी त्यांच्यासमोर बसला, स्वतः पापण्या मिटल्या, उघडल्या. "माझ्याकडे बघा आजोबा. मी मिटले की तुम्ही." चार-पाचदा दोघं असे एकमेकांकडे बघत बसले आणि दाखला निघाला. आजोबा जिवंत असल्याचं सरकारनं मान्य केल्यावर वर्गात टाळ्या पडल्या.

याच वर्गात दर शनिवारी दहा मिनिटं फसवणुकीवर असतात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन. मुलं हे पुनःपुन्हा सांगतात, कारण एकटं राहणारं माणूस फोनवरच्या गोड आवाजाला पटकन भुलतं. तो आवाज निदान आपली चौकशी तरी करत असतो.

या देवाणघेवाणीची दुसरी बाजूही मला तिथे दिसली. केंद्रातले एक सदस्य बँकेतून निवृत्त. त्यांच्या ध्यानात आलं की वाणिज्य शाखेच्या या मुलांनी आयुष्यात कधी धनादेश लिहिलेला नाही. तेव्हापासून वर्गाची शेवटची पंधरा मिनिटं त्यांची. रेखांकित धनादेश म्हणजे काय, तो परत का येतो, वारसाचं नाव लावलं नाही तर घरच्यांचे काय हाल होतात. हे सांगताना ते खुर्चीवरून उठतात. मोबाइल शिकताना त्यांचा आवाज अगदी लहान असतो, इथे तो पूर्ण खोलीत पोचतो.

बुधवारची दुपार

ज्या व्यवस्थापक ताईंचा उल्लेख सुरुवातीला केला, त्यांनी आपल्या वृद्धाश्रमापुरता तोडगा काढला आहे. महाविद्यालयाकडून भेटीसाठी फोन आला की त्या विचारतात, "पन्नास मुलं एकदा नकोत. दोन मुलं पंचवीस वेळा देता का?" बहुतेक जण पुन्हा फोन करत नाहीत. एका महाविद्यालयानं केला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर समाजात जाऊन केलेल्या कामाला पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत, त्यामुळे प्राचार्यांनाही वेळापत्रकात जागा काढणं सोपं गेलं. आता बुधवारी दुपारी जोड्या येतात. तोच विद्यार्थी, त्याच आजी किंवा आजोबा, निदान एक सत्र.

श्रेयांकासाठी आलेलं मूल खरंच जीव लावेल का, ही शंका मलाही होती. ताईंचं उत्तर मला पटलं : "का आला ते पहिल्या बुधवारपुरतं. पाचव्या बुधवारी तो का येतो ते बघा."

येण्याआधी ताई मुलांना तासभर समोर बसवतात. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत आणि कुठल्याही घरी उपयोगी पडाव्यात. ऐकू कमी येतं त्यांच्याशी ओरडून बोलू नका. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात आणि ओरडताना आपला आवाज नेमका वरच जातो. खालच्या पट्टीत, सावकाश, समोर बसून, तोंडावर उजेड येईल असं बोला. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांना "ओळखलंत का मला?" असं कधीही विचारू नका, ती परीक्षा होते आणि ते नापास होतात. आपलं नाव सांगा, रोज सांगा. "मुलं बघत नाहीत का तुम्हाला?" हा प्रश्न बंद. सांगायचं असेल तर ते सांगतील. आणि रिकाम्या हातांनी समोर बसू नका, काहीतरी काम घेऊन बसा.

म्हणून बुधवारी स्वयंपाकघरातून हिवाळ्यात मटार येतात, एरवी लसूण किंवा मेथी. टेबलाभोवती सात-आठ जण सोलायला-निवडायला बसतात. हातात काम असलं की गप्पांना ओढून आणावं लागत नाही आणि गप्प बसलं तरी ते अवघड होत नाही. अर्धांगवायूनंतर बोलणं गेलेल्या एक आजी एका हातानं शेंगा सोलतात, वाटी भरली की शेजारच्या मुलीकडे सरकवतात. त्या दोघींत तासाभरात एकही शब्द झाला नाही आणि दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही. पलीकडे एक मुलगा दृष्टीचा मध्यभाग गेलेल्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. त्याचे उच्चार चुकले की आजोबा सुधारायचे. अग्रलेख संपल्यावर "तुझं काय मत?" हा प्रश्न ठरलेला. मुलाला सुरुवातीला मतच नसायचं. आता तो बुधवारी सकाळी बसमध्ये अग्रलेख वाचून येतो.

सगळंच असं सुरळीत जमतं असंही नाही. एका आजोबांनी विद्यार्थ्याला हातातली अंगठी देऊ केली. एक आजी आपल्या विद्यार्थिनीला दिवसातून दहादा फोन करू लागल्या. एका मुलानं दोन बुधवार दांडी मारली आणि त्याचे आजोबा दोन्ही दिवस शर्ट बदलून फाटकाशी बसून राहिले. त्यामुळे नियम आले : पैसे नाहीत, वस्तू नाहीत, औषध द्यायचं नाही, फोन कार्यालयाच्या क्रमांकावर, आणि यायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. शेवटचा नियम मोडणाऱ्याला ताई परत येऊ देत नाहीत. मला तो कडकपणा योग्य वाटतो. एकटेपणाची सवय झालेल्या माणसाला आशा लावून मग न येणं हे कधीच न येण्याहून वाईट.

पेठेतल्या खोल्या

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं राज्यभरातून येतात. कॉट बेसिसवर राहतात, दिवस अभ्यासिकेत काढतात. त्याच गल्ल्यांत जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये, तीन खोल्यांत एकटे किंवा दुकटे राहणारे आजी-आजोबा आहेत, ज्यांची मुलं परदेशी किंवा उपनगरांत. काही घरांनी हे दोन प्रश्न आपल्या आपण एकमेकांना लावून सोडवले आहेत. एक खोली एका मुलाला कमी भाड्यात. त्यानं वीजबिल भरायचं, सिलिंडर बदलायचा, रात्री घरी असायचं. एका घरी आजींनी गुरुवारचं रात्रीचं जेवण ठरवून दिलं आहे. नांदेडकडून आलेला तो मुलगा म्हणाला, "बाकी सहा दिवस मेस. गुरुवारी मात्र कुणीतरी विचारतं, पोट भरलं का."

पुण्याला हे नवं नाही. वार लावून जेवणारी गरीब मुलं इथे शिकून मोठी झाली. मात्र ती सोय मुख्यतः एकाच जातीच्या मुलांपुरती होती, हेही तितकंच खरं. आजही आडनाव विचारून खोली नाकारणारी दारं याच पेठांत आहेत. नांदेडच्या त्या मुलानंही अशी काही पाहिली होती. म्हणून जिथे दार उघडलं गेलं तिथली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर शहरातल्या ह्यूमानिटास या वृद्धनिवासानं गेल्या दशकात हीच गोष्ट रीतसर केली. विद्यार्थ्यांना तिथे मोफत खोली मिळते आणि बदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून वागायचं असतं. शुश्रूषा करायची नाही, त्यासाठी कर्मचारी आहेत. सोबत जेवायचं, संगणक शिकवायचा, आजारी पडलेल्याजवळ बसायचं. हे विद्यार्थी काही मोठ्या संख्येनं नसतात, हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. पण रात्री उशिरा परतणाऱ्या मुलाला सकाळी नाश्त्याला "कुठे होतास काल?" असं विचारणारी माणसं तिथे आहेत. आपल्याकडे कुठल्या संस्थेनं हे करून पाहावं असं मला फार वाटतं. खोल्या आहेत, मुलं आहेत. त्यांची ओळख करून देणारं, पडताळणी करणारं आणि तंटा झाला तर मध्ये पडणारं कुणी विश्वासू हवं. ज्येष्ठ नागरिक संघ आणि महाविद्यालय मिळून हे करू शकतील.

मार्चमधलं काम

आपल्याकडच्या या साऱ्या उपक्रमांचा कमकुवत दुवा एप्रिल-मे हा आहे. परीक्षा येतात, मुलं गावी जातात, तिसऱ्या वर्षाची कायमची जातात. वृद्धाश्रमातल्या ताईंनी त्यावरही काम केलंय. मार्चच्या बुधवारी जाणारा विद्यार्थी येणाऱ्याला घेऊन येतो आणि दोन आठवडे तिघं एकत्र बसतात. सोबत जोडीची वही सुपूर्द होते. मी त्यांतल्या काही वाचल्या. 'डावा कान चांगला आहे. चहा बिनसाखरेचा सांगतात पण चमचाभर लागते, नर्सताईंना विचारून.' 'सैन्यातल्या गोष्टी सांगतात. ऐकलेली असली तरी थांबवू नकोस, दर वेळी एक नवीन नाव येतं.' 'यजमानांचा विषय त्यांनी काढला तरच.' 'मेथी निवडताना देठ जास्त ठेवू नकोस, रागावतात.'

मे महिन्यासाठी त्यांना जवळच्या वस्तीतल्या शाळेची सातवी-आठवीची मुलं हवी आहेत, कारण ती सुट्टीत इथेच असतात. मुख्याध्यापकांशी बोलणी चालू आहेत. पालक नाखूश आहेत, सुट्टीत मुलांनी आजारी माणसांत कशाला बसायचं म्हणून. ताई म्हणाल्या, मी पालकांनाच एका बुधवारी मटार सोलायला बोलावणार आहे.

मी निघाले तेव्हा कॅरमच्या टेबलाजवळ बसलेल्या एका आजोबांनी हाक मारून थांबवलं. त्यांचा विद्यार्थी यंदा पदवीधर होऊन जाणार आहे. "तुम्ही लिहिणार आहात ना? मग एवढं लिहा," ते म्हणाले, "पुढच्या वेळी पाठवतील तो बुद्धिबळ येणारा पाठवा. याला मी शिकवलं, त्यात वर्ष गेलं, आणि आता कुठे हा मला हरवायला लागला होता."